सोसायटीच्या बिलांचं एकच टेबल: कुठे तोडायचं आणि कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चेंबूरमधल्या तुमच्या सोसायटीत तीन विंग आणि ११२ फ्लॅट आहेत. मेंटेनन्सची बिलं आधी एक्सेलमध्ये निघायची, ती तुम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसवर आणलीत, पण सगळं एकाच टेबलात ठेवलंत. कॉलम असे: बिल क्रमांक, महिना, विंग, फ्लॅट, क्षेत्रफळ, सभासद, मोबाईल, पार्किंग, शीर्ष, दर, रक्कम. एका बिलात आठ शीर्षं (लिफ्ट, पाणी असे आकाराचे प्रकार), म्हणून एका बिलाच्या आठ ओळी. आता एकाच सभासदाचे दोन मोबाईल नंबर दिसतात, विकलेल्या फ्लॅटच्या जुन्या बिलांवर नवीन मालकाचं नाव येतं. नॉर्मल फॉर्मच्या, म्हणजे पुनरावृत्ती टाळण्यासाठी टेबलं तोडण्याच्या (नॉर्मलायझेशनच्या) पायऱ्यांच्या, व्याख्या तुम्हाला पाठ आहेत, तोडण्याचा एक आराखडाही तुम्ही केलाय, पण समोरचं टेबल नेमकं कुठे तोडायचं ते सुचत नाही. शिवाय जास्त तोडलं तर जॉइन (टेबलं परत जोडणं) वाढून सगळं रखडेल अशी धास्ती आहे.

वेगाची धास्ती आधी मिटवू. ११२ फ्लॅट, १२ महिने, आठ शीर्षं मिळून वर्षाला १०,७५२ ओळी होतात. दहा वर्षांत लाखाच्या थोडं पुढे. एवढ्या डेटावर पाच-सहा टेबलं जोडणं हे पोस्टग्रेससाठी काहीच काम नाही. फक्त एक लक्षात ठेवा: फॉरेन की (इथली नोंद दुसऱ्या टेबलात असलीच पाहिजे असा दुवा) लावली म्हणून त्या कॉलमवर पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स (पटकन शोधण्याची सूची) बनवत नाही, तो तुम्हाला बनवावा लागतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी इंजिन तो स्वतः बनवतं, त्यामुळे तिकडून आलेली मंडळी हे हमखास विसरतात आणि खापर नॉर्मलायझेशनवर फोडतात.

आता मुख्य गोष्ट. व्याख्या घटकाभर बाजूला ठेवा आणि प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारा: ही माहिती कशावरून ठरते? फ्लॅट क्रमांक कळला की क्षेत्रफळ ठरतं. बिल क्रमांक कळला की महिना आणि फ्लॅट ठरतो. पुस्तकात याला फंक्शनल डिपेन्डन्सी म्हणतात आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या नॉर्मल फॉर्मचा, त्यापुढच्या बॉइस-कॉडचासुद्धा, सगळा डोलारा याच एका प्रश्नावर उभा आहे. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडण्याची पद्धत) मांडलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म. त्यामागची चिंता तुमच्यासारखीच होती: एकच गोष्ट अनेक ठिकाणी लिहिली की कधीतरी त्या नोंदी एकमेकींशी भांडणार.

पण या प्रश्नाचं उत्तर डेटात शोधायचं नसतं, नियमात शोधायचं असतं. बहुतेक जण इथेच घसरतात, आणि तुमच्या आराखड्यातही ते झालं आहे. पाणीपट्टीचा आकार क्षेत्रफळावरून ठरतो असं धरून तुम्ही ‘क्षेत्रफळ, पाणी आकार’ असं वेगळं टेबल काढायच्या बेतात आहात. तुमचा डेटा तेच सांगतो, हे खरं. ५५० चौरस फुटांच्या प्रत्येक फ्लॅटला सारखाच आकार लागलाय. पण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर लावायचा आहे. बिल्डरने सगळे ५५० चौरस फुटांचे फ्लॅट एकाच साच्यात बांधले, सगळीकडे नळ सारखे, म्हणून क्षेत्रफळ आणि पाणी आकार हातात हात घालून चाललेले दिसतात. उद्या बी विंगमधल्या कोणी स्वयंपाकघराच्या बाल्कनीत एक जादा जोड घेतला, की तुमच्या टेबलात त्या फ्लॅटला जागाच उरणार नाही. तेवढ्यासाठी तुम्ही क्षेत्रफळ ५५१ लिहाल, म्हणजे खोटी नोंद कराल. सिंकिंग फंडाच्या बाबतीतही डेटावर जाऊ नका, तो क्षेत्रफळावर नसतोच. उपविधींप्रमाणे तो फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर असतो, वर्षाला किमान ०.२५ टक्के. आणि सर्व्हिस चार्ज? तो सगळ्या फ्लॅटना समान.

म्हणून टेबलं आखण्याआधी उपविधींची प्रत आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं घेऊन सेक्रेटरींसोबत तासभर बसा. प्रत्येक शीर्षापुढे लिहा: कशावरून ठरतं, कोण ठरवतं, कधी बदलतं. तुमच्या सोसायटीने काही वेगळा ठराव केला असेल तर तोच नियम. हा कागद हातात आला की नॉर्मलायझेशनचं निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं.

आता टेबलाकडे येऊ. आत्ताची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख, काय? एका बिलात एक शीर्ष एकदाच येतं, म्हणून बिल क्रमांक आणि शीर्ष मिळून. तुम्ही तिथे आयडी नावाचा आपोआप वाढणारा आकडा टाकलाय आणि ‘प्रायमरी की एकाच कॉलमची आहे, म्हणजे दुसरा नॉर्मल फॉर्म आपसूक झाला’ असं लिहिलंय. हा फार पसरलेला गैरसमज आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. आयडी जोडल्याने बिल क्रमांक आणि शीर्ष यांची जोडी कँडिडेट की (ओळ ओळखू शकणारा कॉलमांचा लहानात लहान संच) असणं संपत नाही, आणि नॉर्मल फॉर्म सगळ्या कँडिडेट कींकडे बघून ठरतो. आयडी ठेवायला हरकत नाही, जॉइनला तो सोयीचा असतो. पण त्याच्यासोबत खऱ्या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दोनदा येऊ न देणारी अट) लावा. नाहीतर एकाच बिलात लिफ्टचा आकार दोनदा पडेल, दोन्ही ओळींचे आयडी वेगळे असतील आणि डेटाबेसला त्यात काहीही वावगं वाटणार नाही.

पार्किंगच्या कॉलममध्ये तुम्ही ‘एस१, एस१२’ असं स्वल्पविरामाने लिहिता. हा पहिल्या नॉर्मल फॉर्मचा (एका कप्प्यात एकच किंमत) भंग. त्याचा त्रास कुठे होतो बघा. ‘एस१ कोणाकडे आहे?’ हे शोधायला तुम्ही लाइक (मजकुराचा तुकडा शोधणारी अट) वापरता, आणि त्यात एस१, एस१०, एस११, एस१२ असलेले सगळेच फ्लॅट येतात. एकच जागा दोघांना दिली गेली तर अडवणारं काही नाही, कारण युनिक कन्स्ट्रेंट अख्ख्या मजकुरावर लागेल, त्यातल्या तुकड्यावर नाही. पार्किंगवरून मुंबईत शेजाऱ्यांची बोलाचाल बंद होते. हे कन्स्ट्रेंट असलंच पाहिजे. पार्किंग जागांचं वेगळं टेबल करा, जागेचा क्रमांक ही प्रायमरी की आणि फ्लॅट हा तिथला कॉलम. पार्किंग१, पार्किंग२, पार्किंग३ असे तीन कॉलम करणं हा मार्ग नव्हे. तिथेही ‘ही जागा कोणाची’ हे तीन ठिकाणी शोधावं लागतं आणि चौथी गाडी आली की टेबल बदलावं लागतं.

दुसरा नॉर्मल फॉर्म म्हणतो की माहिती पूर्ण कीवरून ठरावी, तिच्या एका भागावरून नाही. तुमच्या टेबलात तो कुठे मोडतो हे सरळ दिसतं. महिना आणि फ्लॅट हे फक्त बिल क्रमांकावरून ठरतात, शीर्षाशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे जोडीच्या अर्ध्या भागावर ते टेकलेत. म्हणून बिलाचं एक टेबल आणि बिलाच्या ओळींचं दुसरं. पहिल्यात बिल क्रमांक, महिना, फ्लॅट. आणि फ्लॅट व महिना यांच्या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे एका फ्लॅटला एका महिन्याची दोन बिलं जाणार नाहीत. दुसऱ्यात बिल क्रमांक, शीर्ष, दर, रक्कम.

तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये बिलावरून फ्लॅट, फ्लॅटवरून क्षेत्रफळ अशी साखळी तुटते. क्षेत्रफळ, बांधकाम खर्च, नळजोड फ्लॅटच्या टेबलात जातात. फ्लॅटची ओळख विंग आणि क्रमांक मिळून होते, कारण ३०२ तिन्ही विंगमध्ये आहे.

तुम्हाला छळणाऱ्या अडचणी इथे कशा सुटतात ते एकदा मोजून बघा. तीन वर्षं राहिलेल्या सभासदाच्या आज २८८ ओळी आहेत. त्याने मोबाईल बदलला तर २८८ ठिकाणी बदल हवा. अपडेट मधेच तुटलं किंवा वेअरमध्ये, म्हणजे अपडेटच्या अटीत, चालू वर्षच घातलं की दोन नंबर तयार. कोणी १२ तारखेला फ्लॅट घेतला तर पुढचं बिल निघेपर्यंत त्याचं नाव लिहायला तुमच्याकडे ओळच नाही. आणि नव्या सभासदाचं पहिलंच बिल चुकलं, म्हणून तुम्ही ते उडवलंत, तर त्याचं नाव आणि मोबाईलही त्यासोबत उडालं. बदलताना, घालताना, काढताना होणाऱ्या या तिन्ही विसंगतींचं मूळ एकच: सभासदाची माहिती बिलाच्या पाठीवर बसून प्रवास करतेय.

सभासदाचं टेबल वेगळं काढताना मात्र जपा. तुमच्या आराखड्यात ‘फ्लॅट, आडनाव’ आणि ‘आडनाव, मोबाईल’ अशी दोन टेबलं आहेत. तुमच्या इमारतीत तीन सावंत आहेत. ही टेबलं आडनावावर परत जोडलीत तर प्रत्येक सावंतांना तिन्ही मोबाईल चिकटतील आणि तीन ओळींच्या नऊ होतील. ओळी वाढल्या, पण माहिती गेली: कुठला नंबर कोणाचा हे आता कोणालाच सांगता येणार नाही. नियम साधा आहे. टेबलाचे दोन भाग करताना दोघांत सामाईक राहिलेले कॉलम निदान एका भागात कँडिडेट की असले पाहिजेत. ते असेल तर जोडल्यावर मूळ टेबल जसंच्या तसं परत मिळतं. प्रत्येक वेळी टेबल तोडलंत की हे तपासा, डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सभासदाला सभासद क्रमांक द्या आणि त्यावरच जोडा.

आता विकलेल्या फ्लॅटचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नात हाच सर्वांत मोलाचा आहे. तुमच्या आराखड्यात तुम्ही सभासद थेट फ्लॅटला जोडलात, म्हणजे ‘फ्लॅटवरून सभासद ठरतो’ असं डेटाबेसला सांगितलंत. ते आजच्या दिवसापुरतं खरं आहे. पण तुमच्याकडे आठ वर्षांची बिलं आहेत, आणि आठ वर्षांत फ्लॅट विकले जातात, वारसांच्या नावे होतात. खरा नियम असा की फ्लॅट आणि तारीख मिळून सभासद ठरतो. म्हणून सभासदत्वाचं वेगळं टेबल लागेल: फ्लॅट, सभासद, कधीपासून, कधीपर्यंत. एकाच फ्लॅटचे दोन कालावधी एकमेकांवर चढू नयेत यासाठी पोस्टग्रेसमध्ये तारखांच्या रेंजवर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर चढणाऱ्या नोंदी नाकारणारी अट) लावता येतो. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसची जादा जोडणी) चालू करावं लागतं. प्रोग्राममध्ये इफ-एल्स लिहिण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण कोणी थेट डेटाबेसमध्ये हात घातला तरी ते अडवतं. सहसभासद असतील तर हा कन्स्ट्रेंट फक्त मुख्य सभासदाच्या नोंदींवर लावा.

मग बिलावर सभासद क्रमांक ठेवायचा का? तारखेवरून तो काढता येतो, म्हणजे ठेवला तर पुनरावृत्ती, असं तुम्ही म्हणाल. इथे मी एक कसोटी वापरतो: या दोन नोंदी एकमेकींपेक्षा वेगळ्या असणं कधी रास्त असू शकतं का? फ्लॅटचा व्यवहार मार्चमध्ये होतो, हस्तांतरणाचे कागद एप्रिलमध्ये येतात, कमिटी मेमध्ये मंजुरी देते. एप्रिलचं बिल जुन्या सभासदाच्या नावाने निघालं होतं आणि ते तसंच निघालं होतं हे कायम दिसायला हवं. तुम्ही नंतर सभासदत्वाची तारीख दुरुस्त केलीत म्हणून निघालेलं बिल बदलता कामा नये. तेव्हा ‘फ्लॅट कोणाचा होता’ आणि ‘बिल कोणाच्या नावे काढलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिलावर सभासद क्रमांक ठेवा. ही पुनरावृत्ती नाही.

दराचंही तसंच. सर्वसाधारण सभेत ठराव होतो, १ एप्रिलपासून नवा दर लागतो. दरांच्या टेबलात शीर्ष आणि लागू तारीख मिळून दर ठरतो, आणि थकबाकीवरच्या व्याजाचा दरही तिथेच एक ओळ म्हणून बसतो. आदर्श उपविधींत त्याला कमाल मर्यादा घातलेली आहे. पण बिलाच्या ओळीतला दर काढून टाकू नका. एक ठरलेला दर, दुसरा प्रत्यक्ष आकारलेला. उद्या ऑडिटरने विचारलं की जूनच्या बिलात चुकीचा दर लागला होता का, तर दोन्ही समोर असल्याशिवाय तुम्हाला उत्तर देता येणार नाही. उलट फ्लॅटचं क्षेत्रफळ बिलावर छापता म्हणून तिथे साठवण्याचं काही कारण नाही, आणि ‘एकूण थकबाकी’ हा कॉलम तर मुळीच ठेवू नका. ती बिलं आणि पावत्यांवरून प्रत्येक वेळी काढा, त्यासाठी व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) बनवून ठेवा. साठवलेली थकबाकी आणि पावत्यांची बेरीज जुळत नाही, हे वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने दाखवून दिलं की मग कोणत्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

तुम्ही पुढे वॉचमनच्या पाळ्याही यात आणणार आहात, तर बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्मचं खरंखुरं उदाहरण तुमच्या हातात आहे. कॉड आणि रेमंड बॉइस यांनी तो १९७४च्या सुमारास मांडला. तो तिसऱ्याहून कडक: ज्यावरून दुसरं काही ठरतं त्यात कँडिडेट की असलीच पाहिजे. तुमचे दोन नियम: एका विंगला एका तारखेच्या एका पाळीत एकच वॉचमन, आणि प्रत्येक वॉचमन एकाच विंगला नेमलेला. टेबल: विंग, तारीख, पाळी, वॉचमन. हे तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये बसतं, कारण विंग स्वतः कँडिडेट कीचा भाग आहे. पण वॉचमनवरून विंग ठरते आणि वॉचमन एकटा कँडिडेट की नाही, म्हणून बॉइस-कॉडमध्ये बसत नाही. पुस्तकाप्रमाणे तोडलंत तर ‘वॉचमन, विंग’ आणि ‘वॉचमन, तारीख, पाळी’ अशी टेबलं होतात. माहिती हरवत नाही, पण पहिला नियम निसटतो: ए विंगच्या दोन वॉचमनना एकाच रात्री ड्युटी लावली तर दोन्हीपैकी एकाही टेबलाची की ते अडवत नाही.

मी इथे तोडत नाही. चार कॉलमचं टेबल ठेवतो आणि विंग, तारीख, पाळी ही प्रायमरी की करतो. वॉचमनचं टेबल वेगळं असतंच, तिथे वॉचमन आणि विंग यांच्या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट घालतो आणि ड्युटीच्या टेबलातून त्या जोडीवर फॉरेन की लावतो. विंग दोनदा लिहिली जाते, पण दोन ठिकाणी वेगवेगळी होऊच शकत नाही. पुनरावृत्ती आहे आणि विसंगती नाही, अशी ही जागा. एक इशारा: वॉचमनची विंग वर्षभरात बदलत असेल तर ‘ऑन अपडेट कॅस्केड’ (मूळ नोंद बदलली की जोडलेल्या ओळीही आपोआप बदलणं) लावू नका, जुन्या सगळ्या ड्युट्याही नव्या विंगवर जातील. मग दुसरा नियम मुळात तारखेशी बांधलेला होता असं धरा आणि नेमणुकीलाही कालावधी द्या.

चौथ्या नॉर्मल फॉर्मबद्दल एवढंच: फ्लॅटचे सहसभासद आणि फ्लॅटच्या गाड्या एकाच टेबलात ठेवू नका. दोन सहसभासद आणि तीन गाड्या असतील तर सहा ओळी लागतील आणि त्यांतली एक जरी राहिली तरी अर्थ बिघडेल. दोन वेगळी टेबलं, विषय संपला. पाचव्याची तुम्हाला गरज पडणार नाही.

जुना डेटा हलवताना आधी भांडणं शोधा. फ्लॅटवर ग्रुप बाय करून, म्हणजे फ्लॅटगणिक गट पाडून, ज्यांचे वेगवेगळे मोबाईल, नावं किंवा क्षेत्रफळं एकाहून जास्त आहेत ती यादी काढा. क्षेत्रफळ दोन असतील तर बहुधा टायपिंगची चूक, मूळ करारनामा बघा. नावं दोन असतील तर बहुधा हस्तांतरण, सभासद नोंदवहीतून तारीख घ्या. मोबाईल दोन असतील तर त्या सभासदाला फोन करून विचारा. ‘सर्वांत नवीन तो बरोबर’ असा नियम स्क्रिप्टमध्ये घालू नका, कारण तुमच्या अर्धवट अपडेटमुळे जुना नंबरसुद्धा नवीन ओळींत शिरलेला असू शकतो. ही यादी सुटेपर्यंत फॉरेन की आणि युनिक कन्स्ट्रेंट लावायचा प्रयत्न केलात तर ते नाकारले जातील. ते काढून टाकून पुढे जाऊ नका, प्रत्येक नकार म्हणजे न सुटलेला एक फ्लॅट आहे.

त्यानंतर दोन महिन्यांची बिलं जुन्या आणि नव्या दोन्ही रचनेतून काढा आणि फ्लॅटगणिक, शीर्षागणिक रुपया-पैशापर्यंत जुळवा. जिथे फरक येईल तिथे जुना आकडा बरोबर धरू नका, सेक्रेटरींसोबत केलेला नियमांचा कागद बघा. सगळं जुळलं की जुन्या टेबलावरचा लिहिण्याचा हक्क काढून घ्या आणि पुढच्या ऑडिटपर्यंत ते फक्त वाचण्यापुरतं राहू द्या.